हात धुवून घेतल्याबद्दलची नोटीस

पनवेल,
रविवार, २० नोव्हेंबर २०११

तीर्थरूप कमळाकरदादा यांस,

धाकट्या वसुंधरेचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात तो अर्ध्यावरच अडकतो, उरलेला या पत्रातून पोचला असं समज.) इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे यांचा रक्तदाब गोळीने आणि माझा राग चहाने आटोक्यात आहे. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं वहिनीने फोनवर सांगितलं. डॉक्टरांनी वाचायला मनाई केली असेल तर हे पत्र तिच्याकडून वाचून घे, फक्त तिला सांग की कंसातला मजकूर गाळायचा नाही, महत्त्वाचं सगळं तिथेच असतं. ई-मेल मुद्दाम केली नाही. संगणकावर लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला 'इतिहास' नावाचं एक बटण असतं आणि ते दाबलं की कोणी कुठल्या दिवशी कुठली वेलांटी बदलली याची चहाडी बाहेर येते, हे ज्ञान मला या महिन्यात झालं. कागदावर खोडलं की खोडलं, विषय संपला.

आता मुद्दा. आमच्या मोहसीनवर अब्रुनुकसानीची फौजदारी होऊ घातली आहे. ती त्याच्यावर न होता माझ्यावर व्हावी म्हणून मी गेले सहा दिवस पायपीट करते आहे आणि या अख्ख्या पनवेलमध्ये माझ्यावर फिर्याद करायला एक माणूस तयार नाही. लोकांना नको असताना कोर्टकचेऱ्या मागे लागतात, मला हवी आहे तर चहा पाजून परत पाठवतात! तू चाळीस वर्षं अलिबागच्या कोर्टात काळा कोट घालून उभा आहेस, तेव्हा हे सगळं सविस्तर वाच आणि यातून मार्ग काढ.

सुरुवात वरच्या मजल्यावरच्या दीपेशपासून करावी लागेल, कारण आमच्या इमारतीतल्या बहुतेक आपत्ती तिथूनच खाली येतात. (गळणारी टाकीही त्याचीच.) मुलगा सालस, बेलापूरला कुठल्याशा कंपनीत संगणकावर नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने आमच्या गाढी नदीवरून 'गाढीकाठ' नावाची बातम्यांची वेबसाइट काढली. पनवेलच्या बातम्या पनवेलकरांनीच द्यायच्या, पगार कोणाला नाही, जाहिरात नाही, मालक नाही, असं ते प्रकरण. पहिल्याच बातमीत त्याने 'पाणिपुरवठा' ऱ्हस्व लिहिलं होतं. मी जिन्यात गाठून झापलं, तर रागावण्याऐवजी तो म्हणाला, काकू, तुम्हीच दुरुस्त करा ना, प्रत्येक पानावर 'संपादन करा' असं बटण आहे, कोणीही दाबावं. मी दाबलं. दादा, बत्तीस वर्षं वह्या तपासलेल्या बाईला असं बटण दाखवणं म्हणजे काय ते तूच समज. त्या दिवसापासून रोज सकाळी पूजा, मग संपादन. पण गोम अशी की जो ते बटण दाबेल त्याचं नाव पानाच्या कडेला 'संपादक' म्हणून आपोआप चढतं. त्यामुळे ज्या वर्तमानपत्रांना एक संपादक पोसता येत नाही त्यांनी तोंडात बोटं घालावीत, आमच्याकडे तेव्हा एकशे सव्वीस होते. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, मोठ्या वर्तमानपत्रांत असतं म्हणून, दीपेशने छापलं होतं, 'प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही.' म्हणजे लिहिणाराही संपादक, सुधारणाराही संपादक आणि कोणीच कशाशी सहमत नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं की हे वाक्य एक दिवस अंगाशी येईल, पण वेलांटीपलीकडे माझं ऐकतो कोण.

या मंडळींतला खरा बातमीदार एकच, मोहसीन. आपल्या मुबीनाचा मुलगा. (मुबीना म्हणजे गेली वीस वर्षं माझे ब्लाउज शिवणारी. तुझ्या साठीला घातलेला तिनेच शिवला होता.) वय सत्तावीस, मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो, आवाज अगदी मऊ, पण प्रश्न असे सरळ विचारतो की समोरचा माणूस खुर्ची बदलतो. एका सभेच्या दारात त्याला अडवून 'कार्ड दाखवा' म्हणाले. कार्ड नव्हतं. त्याला बाहेर काढलं आणि त्याच दाराने एक गृहस्थ गळ्यात पिवळ्या पट्टीचं कार्ड अडकवून आत गेले, ज्यांचं साप्ताहिक दिवाळीला आणि निवडणुकीला एवढंच निघतं. मोहसीनला ते लागलं. मलाही लागलं, खोटं कशाला बोलू.

मग कार्डाचं खूळ निघालं. दीपेश आधी रीतसर मार्गाने गेला, म्हणजे रजा काढून तुमच्या अलिबागला एका सरकारी कचेरीत पत्रकाराच्या अधिस्वीकृतीची चौकशी करायला. तिथल्या साहेबांनी विचारलं, तुमचे अंक किती? हा म्हणाला, रोजचे चारशे. ते साहेब छापलेल्या अंकांबद्दल विचारत होते आणि हा किती लोक वेबसाइट उघडतात ते सांगत होता. पंधरा मिनिटं दोघं अत्यंत सभ्यपणे एकमेकांना वेड्यात काढत बसले. शेवटी नियमात वेबसाइट बसत नाही असं ठरलं आणि दीपेश पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन परत आला. (कांदे चांगले होते.) मग काय, घरचीच कार्डं. स्टेशनरोडच्या झेरॉक्सवाल्याने पहिल्या नमुन्यात 'गाढवकाठ' छापलं होतं, ते माझ्या नजरेला पडलं म्हणून अब्रू वाचली, नाहीतर ती तेव्हाच गेली असती. मोहसीन कार्ड क्रमांक एक, 'मुख्य वार्ताहर'. मी क्रमांक सात, 'भाषा संपादक'. आठ नंबर आमच्या ह्यांनी लावून घेतला, 'छायाचित्रकार' म्हणून! नातवंडांचे इतके फोटो काढले, एकात मुंडकं आलेलं नाही. कार्डाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत होतं, 'कार्डाच्या गैरवापरास संस्था जबाबदार नाही.' संस्था म्हणजे कोण, असं मी विचारलं तर दीपेश म्हणाला, तशी संस्था नाहीच आहे, काकू. म्हणजे नसलेली संस्था जबाबदारही नव्हती, आणि हे ज्याला त्याला अगदी ठीक वाटत होतं.

आता पंधरा ऑक्टोबर. तो दिवस जगभर हात धुण्याचा म्हणून पाळतात हे तुला माहीत नसेल, मलाही नव्हतं. उरण रस्त्यावरच्या एका गावात चौथीपर्यंतची शाळा आहे, तिथे आठवड्यातून दोन सकाळी मी वाचन शिकवायला जाते. त्या शाळेत बळीरामशेठच्या मित्रमंडळाने दहा नळांचं हात धुण्याचं ठिकाण बांधलं. बळीरामशेठ म्हणजे पूर्वीच्या मिठागरवाल्यांचा मुलगा, आता बिल्डर, गाडी पांढरी, माणूस तसा मनमोकळा. बांधकामाला गावाने अंगमेहनत केली, रेती दिली, दगड वाहिले. संगमरवरी पाटी मात्र एकट्या शेठच्या नावाची, आणि ती इतकी मोठी की नळ तिच्या आडोशाला बसवलेत असं वाटतं. उद्घाटन झालं, फोटो झाले, शेठने पहिल्या नळाखाली हात धरले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोहसीनने बातमी दिली आणि शेवटी लिहिलं, 'बळीरामशेठ यांनी स्वतः हात धुऊन कार्यक्रमाचे उद्घाटन केले.' साधं, निरुपद्रवी वाक्य.

दोन दिवसांनी मी शाळेत गेले तर खिचडी शिजवणारी भामा कमरेवर हात ठेवून नळांसमोर उभी. म्हणाली, "बाई, टाकी हाय, नल हाय, निस्ता पानी नाय." टाकीपासून नळापर्यंत पाइप जोडलेलाच नव्हता! उद्घाटनाच्या दिवशी भिंतीमागे टँकर उभा करून तासाभरापुरती नळी लावली होती आणि फोटो झाल्यावर टँकर गेला. एकशे चाळीस पोरं खिचडी खाऊन, जिथून कंटेनरचे ट्रेलर सुसाट जातात तो रस्ता ओलांडून, पलीकडच्या बोअरिंगवर हात धुवायला जात होती, कार्यक्रमाआधीही आणि नंतरही. मी घरी आले. बातमी उघडली. 'स्वतः हात धुऊन' हे मला जरा ओबडधोबड वाटलं, म्हणून सहज हात फिरवला आणि ते वाक्य असं केलं, 'या प्रसंगी बळीरामशेठ यांनीही आपले हात धुवून घेतले.' त्या दिवशी पासवर्ड आठवत नव्हता. (त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चांदणी लागते. मराठीत मोठं अक्षर कुठून आणू?) पासवर्डाशिवाय बटण दाबलं तर ती वेबसाइट माणसाला 'अनामिक' म्हणते. म्हणेना का, असं मी तेव्हा म्हटलं.

दिवाळी गेली, सुट्टी संपली आणि चौदा तारखेला रजिस्टर पोस्टाने नोटिसा आल्या. एक दीपेशला, एक मोहसीनला आणि एक 'श्री. अनामिक, रा. पनवेल, पूर्ण पत्ता ज्ञात नाही' यांना, दीपेशच्या पत्त्यावर. पोस्टमन अर्धा तास इमारतीत अनामिक कुठल्या मजल्यावर राहतात ते विचारत होता. तळमजल्यावरच्यांनी सांगितलं, कोणी भाडेकरू असतील, सोसायटीला कळवत नाहीत. नोटीस पाठवणारी वकील शेठची पुतणी रंजिता. नुकतीच सनद मिळालेली, ही तिची पहिलीच नोटीस, त्यामुळे पोरीने हौसेने अकरा पानं लिहिली आहेत. पंधरा दिवसांत माफी मागा, नाहीतर अब्रुनुकसानीची कलमं, वर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं सहासष्ट अ, आणि गळ्यातल्या कार्डांचा वेगळा परिच्छेद. त्या परिच्छेदाचा मथितार्थ असा की तुम्ही पत्रकार असाल तर ही बदनामी आणि नसाल तर ही तोतयेगिरी, दोहोंपैकी काय ते लवकर कळवा. सोबत परिशिष्ट म्हणून शाळेच्या एका गाइडचं पान जोडलं आहे, त्यावर पिवळ्या शाईने खूण केलेली, 'हात धुवून घेणे : संधी साधून स्वतःचा फायदा करून घेणे.' अर्थ बिनचूक दिला आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

दीपेशकडे धावले तर तो म्हणे, काकू, घाबरू नका, आपण फक्त प्लॅटफॉर्म आहोत. म्हटलं, बाबा, प्लॅटफॉर्मवर कोणीही येऊन थुंकतो हे खरं, पण तिथेही एक स्टेशनमास्तर असतो, तो कोण ते सांग. मग त्याने वेबसाइटच्या 'अटी व शर्ती' दाखवल्या. त्या त्याने एका अमेरिकन वेबसाइटवरून उचलून मशीनकडून मराठीत करून घेतल्या होत्या, आणि त्यात लिहिलं होतं की सर्व वाद कॅलिफोर्नियाच्या एका परगण्यातल्या न्यायालयात चालतील. रंजितेने हेही वाचलं होतं. नोटिशीच्या नवव्या पानावर तिचं उत्तर आहे, 'आमचे अशील तेथेही हजर राहण्यास तयार आहेत.' शेठ एकदा दुबईला जाऊन आल्यापासून कुठेही जायला तयारच असतात. एकशे सव्वीस संपादकांपैकी एकशे वीस जणांनी त्याच संध्याकाळी आपली नावं काढून टाकायची विनंती केली. कार्डंही परत आली, एका पाकिटात नऊ. आमच्या ह्यांचं आलं नाही, ते गॅसच्या रांगेत अजून उपयोगी पडतं.

आता यात खरं मरण कोणाचं ते ऐक. मोहसीनला दोह्याला एका कंपनीत स्टोअरकीपरची नोकरी लागली आहे. विमान पंधरा डिसेंबरचं. त्याआधी पोलिसांचा दाखला लागतो की याच्यावर कुठलीही केस नाही. एकोणतीस तारखेला नोटिशीची मुदत संपते. त्या दिवशी रंजितेने फिर्याद ठोकली की दाखला अडला, दाखला अडला की व्हिसा गेला. नोटिसा आल्या त्याच रात्री मुबीना आली. नेहमी दारातूनच हाक मारणारी बाई आत येऊन बसली. मग म्हणाली, "टीचर, त्याचे अब्बा गेल्यापासून हा घर त्याच्याच भरोशावर आहे. त्या कागदावरून माझ्या पोराचं नाव काढा, खुदाके वास्ते." तो शब्द मी लिहिला हे तिला ठाऊक नाही. दादा, मी तिच्यासमोर वाटीतले शेंगदाणे सोलत बसले आणि ते तिला सांगितलं नाही. इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही.

दुसऱ्या दिवशी उठले आणि तडक शेठच्या कचेरीत गेले. आता ऐक, हा बळीराम माझा विद्यार्थी. आठवी ब, तिसरा बाक. मला बघून खुर्चीतून उठला, पाया पडला, "बाई, फोन केला असता तं गाडी पाठवली असती," म्हणाला. मी सांगितलं की मोहसीनचा यात काही संबंध नाही, अनामिक मीच, माझ्यावर फिर्याद कर. तर हसायला लागला! म्हणाला, "ते आमाला पहिल्याच दिवशी कललं. हात धुवून घेणे, वाक्यात उपयोग करा, तुमीच तं शिकवला. मी चुकलो तवा अर्धा मार्क कापला होता. त्या पोराला एवरा मराठी कुठशी येतंय?" मग नाव का नाही घातलंस नोटिशीत, असं विचारलं तर कानाला हात लावून म्हणाला, "बाईंवर केस? पाप लागंल आमाला. तुमचं नाव मीच काढायला लावलं." अरे, मग त्या गरीब मुलावर केलेली चालते का? यावर त्याचं म्हणणं असं की पेपरात नाव ज्याचं त्याचीच जबाबदारी, आणि गावात चार लोक हसले आहेत, कोणाला तरी माफी मागावीच लागेल. मी हात जोडले, मला नोटीस दे रे बाबा म्हटलं. त्याने भजी मागवली. गुरुदक्षिणा म्हणून माणसाने काय वाटेल ते द्यावं, पण असा छळ करू नये.

एक मात्र त्याने कबूल केलं, खुलासा छापा, रंजितेला पसंत पडला की नोटीस मागे. मला वाटलं, सुटलो. बत्तीस वर्षं मराठी शिकवली, एक वाक्य लिहिता येणार नाही? दादा, तू स्वतः लिहून बघ. पहिला खुलासा मी केला, 'बळीरामशेठ यांनी हात धुवून घेतलेले नाहीत.' रंजिता म्हणाली, म्हणजे हात धुण्याच्या दिवशी, पोरांसमोर, काकांनी हातच धुतले नाहीत असं होतं. बरोबर आहे, होतं. दुसरा, 'या प्रकरणात शेठचा हात नाही.' ती म्हणाली, कुठलं प्रकरण? तिसरा, 'शेठचे हात मुळातच स्वच्छ असल्याने ते धुण्याची गरज नव्हती.' हा तिने पिवळ्या शाईने आडवी रेघ मारून परत केला. मग मोहसीनने, स्वतःची मान वाचवायला, एक सुचवला. बिचाऱ्याचा हेतू शुद्ध, पण लिहिलं काय, 'शेठ यांनी नळाखाली केवळ हात ओले केले.' ते रंजितेने वाचलं आणि नोटिशीला पुरवणी जोडायची धमकी दिली. (हात ओले होणे म्हणजे काय हे कोर्टात तुला कोणी वेगळं सांगायला नको.) शेवटी दीपेश म्हणाला, आपण शब्दच नको, उद्घाटनाचा फोटो परत टाकू आणि खाली साधी ओळ देऊ. तो फोटो शोधून काढला. त्या दिवशी टॉवेल ठेवायला विसरले होते, त्यामुळे फोटोत बळीरामशेठ हात झटकताना आले आहेत. आपल्या भाषेत माणसाच्या हाताबद्दल एक सरळ वाक्य लिहायची सोय नाही, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. पाय असता तर निभावलं असतं.

तर आता माझी मागणी. तू अनामिकाचा वकील हो. माझं प्रतिज्ञापत्र करून दे की तो शब्द माझा, बाकी कोणाचा त्याच्याशी संबंध नाही, आणि एकोणतीसच्या आत नोटिशीला उत्तर पाठव. उत्तर मऊ असू दे. मी म्हातारी आहे, शब्द चुकून पडला, मनात तसं काही नव्हतं, झालं गेलं विसरावं, असं लिही. कसलीही तडजोड चालेल, कितीही नाक घासायला लाव, पण मोहसीनला मोकळा कर आणि मलाही या कटकटीतून सोडव. वेबसाइट, कार्ड, संपादन, सगळ्याचा मला वीट आला आहे. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. डोळ्यांत औषध वेळेवर घालत जा.

तुझी,
वसुंधरा

ता. क. १ : पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून उघडलं. 'सहज हात फिरवला' असं मी वर लिहिलं आहे, ते खोटं आहे. भामाशी बोलून घरी येईपर्यंत रिक्षात मी तोच शब्द घोळवत होते. आणि पासवर्डही आठवत होता, कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला आहे. नाव द्यायची हिंमत झाली नाही, आणि ते मोहसीनच्या नावाखाली राहिलं. प्रतिज्ञापत्रात खरं ते लिही. मुबीनाला मी आज संध्याकाळी जाऊन सांगितलं. निघताना तिने चहा दिला, पण कपाकडे बघत दिला.

ता. क. २ (सोमवारी दुपारी) : पत्र टाकायला निघाले ती आधी शाळेत गेले, आणि दादा, पत्र टाकलं नाही हे किती बरं झालं! भामा दारातच भेटली. "बाई, शनवारपासून पानी येतंय. दाच्या दा नलांना!" मला खरं वाटेना, मी दहाही फिरवून पाहिले. झालं असं की नोटिशीत रंजितेने 'सर्व नळांस नियमित पाणीपुरवठा आहे' असं ठोकून दिलं होतं, आणि उद्या कोर्टाने कोणाला बघायला पाठवलं तर काय, म्हणून तिनेच काकांच्या मागे लागून पाइप जोडून घेतला. पाणी शेठच्या बांधकामावरच्या बोअरिंगचं आहे, चावी त्याच्या माणसाकडे. तो माणूस भामाला सांगून गेला, "केस हाय तवर पानी हाय."

तेव्हा वर जे मऊ उत्तर मागितलं आहे ते रद्द समज. मोहसीनचं नाव पहिल्या ओळीतच कसंही करून सोडव, ते झालंच पाहिजे. त्यानंतर मात्र उत्तर असं झोंबणारं लिही की बळीराम मला गुरू मानायचं सोडून देईल आणि फिर्याद माझ्यावर घालेल. शब्द मुद्दाम वापरला, अर्थ माहीत होता, माफी मागणार नाही, असं स्वच्छ लिही. खुलाशाचा मसुदा मी पाठवत राहीन, तो रंजितेला कधीच पसंत पडणार नाही याची जबाबदारी माझी. आणि फिर्याद झाली की तू तारखा मागत जा. आजारी पड, कागद विसर, साक्षीदार गावाला पाठव, वकिलांना जे जे सुचतं ते सगळं कर, पण निकाल लागू देऊ नकोस. पहिलीच्या वर्गात आज एकतीस मुलं आहेत. ती चौथी पास होईपर्यंत मला आरोपी ठेव.